कमानीतली मडकी

चर्चमध्ये फुगा फोडायचा आणि त्याचा नाद कसा, किती वेळ घुमतो ते मोजून ठेवायचं, हा पेरीन वोत्रँचा धंदा. उद्या छप्पर जळलं किंवा कोसळलं तरी नव्या बांधकामात तोच नाद परत आणता यावा, म्हणून. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातली जुनी चर्च तिने पालथी घातली होती. राहिलं होतं ते तिच्याच गावचं. घरचंच आहे, कुठे पळून जातंय, म्हणून ढकलत आली होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आज अखेर तिने मायक्रोफोन उभा केला आणि फुगा फोडला. आवाज विझायचं नावच घेईना, पिंपात अडकलेल्या भुंग्यासारखा घोंघावत राहिला. तिने दुसरा फोडला. तेच. तिने वर पाहिलं.

वरच्या कमानींत शेकडो वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी मातीची मडकी चिणली होती. गाण्याचा जाडा घोंघाट ती गिळायची आणि शब्द स्वच्छ उरायचे. त्या मडक्यांची काळी तोंडं आता कुठेच दिसत नव्हती. सगळीकडे पांढराशुभ्र गिलावा होता.

"कसं झालंय?" तिचे वडील, आन्सेल्म, दारातूनच विचारत आले. उभा जन्म गवंडीकाम केलेला माणूस. "तू येणार म्हटल्यावर हात शिवशिवायला लागले. पाखरं घाण करायची त्या भोकांतून. जुन्या इमारती सांभाळणाऱ्या पॅरिसच्या साहेबांना विचारत बसलो असतो तर परवानगी माझ्या मयताला आली असती!"

"पपा, नुसती तोंडं झाकलीत ना? आत पोकळ आहेत ना?"

"मी काय नवशिका आहे? गळ्यापर्यंत भरलीत."

"चुन्याने?" चुना निदान खरवडता आला असता.

"सिमेंट, पोरी. आता प्रलय आला तरी हलायचं नाही."

पेरीन मटकन बाकावर बसली. जे कधी मोजलंच नाही, ते परत आणायचं कशाच्या आधाराने?

"पपा, आवाज गेला आपल्या चर्चचा. कायमचा गेला."

"काहीतरीच तुझं!" म्हणत आन्सेल्म वेदीपुढे गेले, टोपी काढली आणि बायकोच्या अंत्यविधीला गायलेलं स्तोत्र त्यांनी खड्या आवाजात सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला शब्द एकमेकांवर चढले, त्यांचा नुसता गलका झाला. ते थांबले. गलका मात्र थांबला नाही.

त्यांचा चेहरा गिलाव्यासारखा पांढरा पडला.

"तुझ्या आईच्या वेळी," ते म्हणाले, "शब्द न् शब्द ऐकू आला होता गं."