चौदा सापडत नाही

आखाडा बाळापूरच्या बायांच्या गटाकडे हळद शिजवायचा कुकर एक, आणि हळद लावणारी घरं अडतीस. एवढं सांगितलं की भांडण कशावरून होतं हे वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षी नंबर लावायची वही देवलाकाकांकडे होती. काका मनाने वाईट नव्हते, पण नात्यातलं कुणी दारात येऊन बसलं की त्यांच्या पेन्सिलीला पाझर फुटायचा आणि एखादं नाव हळूच वर सरकायचं. या सरकासरकीत गोजरबाईची हळद जमिनीतून काढल्यावर बारा दिवस ढिगात पडून राहिली आणि तिला बुरशी धरली. बाई कुणाला एका शब्दाने बोलली नाही. यंदा तिने निम्म्याच रानात हळद लावली, एवढंच.

ते शितलच्या मनाला लागलं होतं. शितल नांदेडला कॉम्प्युटर शिकून आलेली, बाजाराजवळच्या एका खोलीत पोरांचे वर्ग घ्यायची. भर बैठकीत तिने उठून सांगितलं, "मी ॲप करते. प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीच्या फोनवर दिसेल. कुणी हलवायला गेलं तर सगळ्यांना कळेल."

बैठकीत ठरलं ते असं: रविवारी चारला ॲप सगळ्यांच्या फोनवर चाललं तर यंदाचे नंबर त्यावर, नाही चाललं तर वही पुन्हा देवलाकाकांकडे. सोमवारपासून कुकर पेटणार होता.

ॲप झालंही होतं. पण गटाच्या अध्यक्ष पद्माबाईंनी ते पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"समदं बराबर हाय. पण आकडे इंग्रजीत काहून? मी प्रौढ वर्गात आपले आकडे शिकले, हे न्हाई शिकले. गोजरबाईला आपला नंबर शेजारणीला इचारावा लागला, तर मग वही काय वाईट होती?"

शितलला ते पटलं. तिने ॲपमधले सगळे आकडे मराठी केले. मराठी तारखा दाखवण्यासाठी कुणीतरी तयार करून ठेवलेला एक नवा भाग आणून जोडला. शनिवारी संध्याकाळी काम संपलं तेव्हा तिला इतका हुरूप आला, की सगळं कसं दिसतं ते बघावं म्हणून आख्खा लॅपटॉपच तिने मराठी करून टाकला. घड्याळ मराठी, कॅलेंडर मराठी. मग निवांत झोपली.

रविवारी सकाळी उरलं होतं फक्त शेवटचं काम. लिहिलेल्या ओळी गोळा करून फोनमध्ये बसेल असं ॲप तयार करायचं. त्याला बिल्ड म्हणतात. रोज दोन मिनिटांत होणारं काम. तिने बटण दाबलं आणि पडद्यावर तांबडी ओळ उमटली. लांबलचक इंग्रजी ओळ, आणि तिचा अर्थ एवढाच: आवृत्ती दोन पॉइंट चौदा सापडत नाही.

शितलने आधी संशय घेतला तो काल जोडलेल्या नव्या भागावर. तो काढला. तांबडी ओळ तशीच, म्हणून तो परत जोडला. साठवून ठेवलेलं सगळं पुसलं, फोनच्या इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेतलं. त्यात तास गेला. ओळ तशीच. मग तिने पुण्यातल्या मावसभावाला, प्रमोदला फोन लावला. बिल्डची मांडणी त्यानेच लिहून दिली होती.

"दादा, दोन पॉइंट चौदा सापडत न्हाई म्हणतंय."

"काहून सापडंना? मी इथं बघून राहिलो ना, दोन पॉइंट चौदा जागेवर हाय. थांब, माझ्याकडं चालवून बघतो." थोड्या वेळाने त्याचा हसरा आवाज आला. "झालं की! माझ्याकडं चालतंय."

"मग तुझा लॅपटॉप घेऊन ये बाळापूरला."

"नीट वाच बाई, काय लिहिलंय ते."

"दहा येळा वाचलं. दोन पॉइंट चौदा."

"मग आख्खा लॅपटॉप पुसून नव्यानं बसव सगळं."

एवढ्या इंटरनेटवर त्याला उद्या उजाडला असता. घड्याळात एक वाजून गेला होता. शितलने फोन ठेवला आणि कागद घेतला. वर्गातल्या पोरांना ती नेहमी सांगायची, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहून ठेवा. आता तेच स्वतःला सांगायची पाळी आली होती. तिने लिहिलं: शुक्रवारी चाललं. प्रमोदकडे चालतं. माझ्याकडे आज चालत नाही. पुढे पेन अडलं.

तेवढ्यात पद्माबाई भाकरीचं फडकं घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"तुझी माय म्हणली, पोरगी सकाळधरनं उपाशी हाय. खाय आधी. आन तोंड काहून असं केलं?"

"मावशी, ॲप होऊन नाही राहिलं. चारला काय दाखवू?"

पद्माबाईंनी खुर्ची ओढली. "मला सांग. मला समजंल असं सांग."

शितलला रडू यायच्या बेतात होतं, पण समजावून सांगायचं म्हटलं की तिचा आवाज आपोआप शांत व्हायचा. "ॲपमधलं सगळंच मी लिहिलेलं नसतं. पुष्कळ तुकडे दुसऱ्यांनी करून ठेवलेले असतात. ते मागवायचे आणि जोडायचे. प्रत्येक तुकड्याला आकडा असतो. बराबर तोच आकडा सांगावा लागतो, नाहीतर तुकडा मिळत नाही."

"म्हंजी सोयाबीनच्या बियाण्यावानी. तीनशे पस्तीस म्हणलं की तीनशे पस्तीसच पायजे."

"व्हय, तसंच. आणि मी मागून राहिले तो आकडा दुकानात हाय. प्रमोददादाला दिसतो. मला मात्र दुकानदार नाही म्हणतो."

"कुठं म्हणतो? दाखव बरं."

शितलने लॅपटॉप वळवला. पद्माबाईंनी चष्मा पुसला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि बोट ठेवून ओळ तपासायला सुरुवात केली. अक्षरामागून अक्षर बोट सरकत गेलं. शेवटाजवळ थांबलं.

"ह्या समद्या इंग्रजीत मला येवढंच वाचता आलं बघ. दोन आन चौदा."

"हां मावशी, चौदाच. तेच तर..."

शितलचा घास हातातच राहिला.

पद्माबाईंना इंग्रजी आकडे येत नव्हते. मग त्यांना चौदा वाचता आलंच कसं?

ती पडद्याकडे झुकली. सगळी ओळ इंग्रजी होती, आणि तिच्या पोटात आकडा होता २.१४. मागवायचा होता 2.14. पहिलीपासून दोन्ही आकडे सारखेच गिरवलेले. तिच्या डोळ्यांना त्यांत फरक दिसतच नव्हता. दहा वेळा तिने तो वाचला होता, आणि फोनवर प्रमोदला वाचून दाखवला तेव्हा तर दोन्ही चौदांचा आवाज एकच!

"मावशी!" शितल उभीच राहिली. "तुमी सापडवलंत!"

"मी? मी तर नुसतं वाचलं."

शितलने प्रमोदची मांडणी उघडली. तिथे दोन आणि चौदा हे आकडे जोडून आवृत्तीचं नाव तयार होत होतं, आणि आकडे कोणत्या लिपीत काढायचे हे लॅपटॉपच्या भाषेवर सोडलेलं होतं. काल संध्याकाळी लॅपटॉप मराठी झाला आणि बिचारा मराठी आकडा घेऊन परक्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"मग आता मराठी काढून टाकतीस?" पद्माबाईंनी काळजीने विचारलं.

तसं केलं असतं तर मिनिटात काम झालं असतं. शितलने मान हलवली. "नाही. मराठीचा काय गुन्हा? मागणी लिहिणाऱ्या ओळीला सांगते, लॅपटॉपची भाषा कोणतीही असू दे, दुकानात जाताना तिथलेच आकडे लिही."

तिने एक ओळ बदलली. एकच. बटण दाबलं. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. ओळी धावत गेल्या, थांबल्या, पुन्हा धावल्या आणि शेवटी हिरवी अक्षरं आली. पद्माबाईंना ती वाचता आली नाहीत, पण रंग कळला. त्यांनी शितलच्या पाठीत असा धपाटा घातला की भाकरीचा तुकडा खाली पडला.

शितलने प्रमोदला दोनच शब्द पाठवले: "माझ्याकडं बी."

चारला शाळेच्या व्हरांड्यात बैठक भरली. गटाच्या ग्रुपवर ॲप आलं, ज्यांना जमेना त्यांच्या फोनमध्ये पोरींनी बसवून दिलं. कोण कधी हळद काढणार हे सगळ्यांनी आधीच सांगितलं होतं. त्यावरून नंबर लागले. देवलाकाका वही काखेत धरून खांबाला टेकले होते.

"काका, तुमचा किती?" कुणीतरी विचारलं.

"एकोणतीस म्हणतंय," काका पुटपुटले आणि आपल्या नावावर बोट दाबून ते वर ओढून बघायला लागले.

टिंग! अडतीस फोन एकदम वाजले. सगळ्यांच्या पडद्यावर एकच ओळ आली: देवलाकाकांनी नंबर हलवून पाहिला, हलला नाही.

व्हरांडा हसून हसून लोळायला आला. "मी नुसतं बघून राहिलो व्हतो ना!" काका ओरडले, मग त्यांनाही हसू आवरेना. वही त्यांनी पद्माबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवली. "घ्या. पोरांना शुद्धलेखनाला द्या."

या गोंधळात गोजरबाई भिंतीशी बसून फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. शितल तिच्याकडे वाकली.

"काकू, वाचून दाखवू?"

"नको," गोजरबाई म्हणाली. तिने बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं, "गोजरबाई. नंबर सात. बुधवार."

मग फोन पदराने पुसून तिने शेजारणीला सांगितलं, "मंगळवारी काढायला घेते. आन पुढल्या साली समद्या रानात लावते."