नाव कोरलेला पेला

तहान लागली तरी तुम्ही पाण्याआधी भांडं बघता. आणि वर तोंड करून स्वच्छतेच्या गप्पा मारता! होय, तुम्हालाच म्हणतोय. मी स्टीलचा पेला बोलतोय.

मंगरूळपीरच्या फय्याजभाईंच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. अंगावर त्यांचं नाव कोरलेलं. पुढे घरात काचेचे ग्लास आले आणि मी फडताळात उपडा पडलो.

मला बाहेर काढलं त्यांच्या मुलीनं, फरहीननं. तिच्या कॉलेजातल्या पर्यावरण गटानं भांडी बँक काढली होती. घरोघरचे अडगळीतले पेले गोळा करायचे, कार्यक्रमांना फुकट द्यायचे. मंडप उठला की हीच पोरं आम्हाला घासत बसायची. बाकीचे पाण्याची प्लास्टिक बाटली अर्धी पिऊन खुर्चीखाली लोटत आणि हात झटकून निघून जात. पोरं विचारतात, वापरून झाल्यावर हे कुठं जाणार? तुम्ही विचारता, आधी हे कोणाच्या ओठाला लागलं?

परवा आसेगावला गेलो, बुद्धविहाराशेजारच्या वस्तीत. गटातल्या साक्षीच्या भावाचा, धम्मरत्नचा गृहप्रवेश होता. 'आमच्या घरी एकही बाटली दिसणार नाही,' असं तिनं छातीठोकपणे सांगितलेलं. घरीच जमलं नाही, तर गावाला कोणत्या तोंडानं सांगणार?

गावातले बडे शेतकरी रामराव ओट्यावर बसले. साक्षीनं मला भरून पुढे केलं. त्यांनी मला फिरवून नाव वाचलं आणि खाली ठेवलं.

"काकाजी, मी सोता घासला हाय."

"तसं नाही वं बाई. आजकाल इन्फेक्शन लय. बाटलीचं पानी हाय म्हने ना?"

"पोहरादेवीच्या जत्रेत गाड्यावरच्या गिलासात उसाचा रस पेता, तवा नाही होत इन्फेक्शन?"

पाणी थंडगार होतं, मी मात्र तापलो होतो. पिऊ नका, पण खरं कारण तरी बोला!

तेवढ्यात साक्षीची आजी भागिरथा पदराखालून बाटली घेऊन आली. धान्याच्या कोठीमागे तिनं अख्खं खोकं लपवलं होतं. रामरावांनी कडकन झाकण फोडलं.

साक्षीनं आजीला दाराआड ओढलं. "काहून वं आजी? माझं नाक कापलं तू! आता कोनाले सांगू मी?"

आजीनं तिचा हात सोडवला.

"बाटलीचं पानी हाय म्हून म्या निरोप धाडला, तवा आला तो आपल्या ओट्यावर. आजवर रस्त्यावरूनच बोले."