आटलेली म्हैस आणि आरसेमहाराज

गुरुवार उजाडला की पेज नदीकाठच्या त्या फार्महाऊसबाहेर नुसती झुंबड. मुंबईहून आलेल्या पांढऱ्या मोटारी, नेरळ स्टेशनवरून माणसं कोंबून आलेल्या रिक्षा, खालापूरच्या बाजूचे टेंपो. गेटवर पाटी होती: 'आरसेमहाराज दरबार. चपला इथे काढा. मोबाइल बंद ठेवा.' पाटीखाली टेबल, टेबलावर दोन कोरीव दाढीची पोरं. नाव सांगा, गाव सांगा, टोकन घ्या, आत बसा.

आत मंडपात गादीवर महाराज. पन्नाशीचे, केस रंगवलेले, आवाज मधात बुडवलेला. हातात पितळी चौकटीचा आरसा आणि त्याला मागून लाल मखमल. "आम्ही काही करत नाही, बाळांनो," ते माइकवर म्हणायचे. "करणारा तो. आम्ही फक्त आरशात बघतो. तुमचं घर दिसतं, घरातलं माणूस दिसतं, माणसाच्या पोटातलं दिसतं." मग डोळे बारीक करून आरशात बघायचे आणि मंडप श्वास रोखायचा.

मी गेले होते ती आईच्या हट्टामुळे. हात बांधून, तोंड वाकडं करून मागे उभी होते.

"पोशीरचे सहदेव कोण?"

माझे बाबा उठले. नेरळला एका सोसायटीत ते रात्रपाळीचे वॉचमन आहेत. तसेच, गणवेशावर आले होते.

"ये, बाळ. छातीचं दुखणं गावापासून लपवलंयस तू. गोळ्या तांदळाच्या डब्यात ठेवतोस. खरं?"

बाबांचा चेहरा उतरला. क्षयरोग झालाय हे आम्ही शेजारीसुद्धा कळू दिलं नव्हतं.

"आणि गोळ्या सुरू झाल्यापासून तुला लाल लघवी होते. होते की नाही?"

बाबा तिथेच खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडायला लागले. हे तर आईलाही माहीत नव्हतं.

"ते तुझं रक्त आहे रे. गोळ्या रक्त जाळतायत. बंद कर आजपासून. अकरा गुरुवार इथली विभूती दुधातून घे."

खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

सहा महिन्यांच्या गोळ्यांपैकी चार महिने झाले होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, लघवीचा लाल रंग गोळीचाच असतो, घाबरू नका. पण मधेच गोळ्या सोडल्यात तर आजार उलटेल आणि मग या गोळ्यांना तो जुमानणार नाही. मी घरी ते शंभरदा सांगितलं. भांडले, रडले, जेवले नाही. बाबांचं एकच.

"मंग त्याला कसं कळलं ते सांग ना गं. सांग की!"

मला सांगता येत नव्हतं. उत्तर नसलं की भांडण आपण हरलेलोच असतो. डबा तांदळात तसाच पुरलेला राहिला, आणि दुधात राख कालवली जाऊ लागली.

आता इथे मला नवीन सरांबद्दल सांगायला हवं; नवीन हे त्यांचं नावच. आमच्या कर्जतच्या कॉलेजात ते मराठी शिकवायचे, तासिका तत्त्वावर. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले होते, 'पुरावा काय?' मी ते डायरीच्या पहिल्या पानावर उतरवले. आम्ही विद्यार्थी 'वेशीवर' नावाचं मासिक काढायचो, त्याचे सर मार्गदर्शक. त्यांनीच आम्हाला बातमीदार केलं आणि एक मोठं काम दिलं: 'आपला परिसर, आपली माणसं'. नेरळपासून खालापूरपर्यंत घरोघरी जायचं. लग्नात आता कुठली गाणी वाजतात, फार्महाऊससाठी जमीन कोणी विकली, पोरं केस असे का कापतात, सगळं विचारायचं. मी आणि अब्रारने मिळून एकशे बारा घरं केली. अब्रार माझ्याच वर्गातला, नेरळ बाजारात त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

फॉर्मातले शेवटचे दोन रकाने होते 'घरातलं दुखणं' आणि 'मनातली काळजी'. ते कशाला, असं अब्रारने विचारलंही होतं. सर म्हणाले, "संस्कृती गाण्यात असते तेवढीच दुखण्यात असते. तिथपर्यंत पोचतो तो खरा बातमीदार." मी तर भारावलेच. मी टाइप केलेल्या ओळी सर वाचायचे आणि आवडलेली ओळ पिवळी करायचे. पिवळी ओळ म्हणजे शाबासकी. "इथे जीव आहे, सुरभी. परत जा, अजून विचार." मी परत जायची आणि अजून विचारायची. लोक सांगायचे. मी त्यांच्या मुलीसारखी होते ना!

"सुरुवात स्वतःच्या घरापासून करा, प्रामाणिकपणे," असंही सर म्हणाले होते. मी केली.

महाराजांचं सगळं मी धावत जाऊन सरांनाच सांगितलं. "सर, याला उघडं पाडू या. छापू या."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "श्रद्धेच्या विषयात हात घालू नकोस. कॉलेजला त्रास होईल."

हे नवीन सर बोलले? पुरावा मागणारे? मला खटकलं. पण मीच त्यांच्या वतीने कारण शोधलं: नोकरी कच्ची आहे, घाबरले असतील बिचारे. आपल्या माणसासाठी आपण किती झटपट कारणं शोधतो!

दोन आठवड्यांनी मी अब्रारला घेऊन पुन्हा दरबारात गेले. तीनशे तरी माणसं होती. अब्रार तासभर नुसता बघत बसला आणि मग माझ्या कानाशी लागला.

"सुरभी, हा सगळ्यांना बोलवतच नाही यार. मोज तू. सहाच जण झाले. बाकीच्यांना म्हणतो, आरशात धुकं आहे, पुढच्या गुरुवारी या."

"मग?"

"मग काय मग? त्या सहांपैकी पाच घरांत आपण चहा प्यायलोय."

इतक्यात माइकवरून नाव आलं.

"भिसेगावच्या चंद्राबाई!"

चंद्राबाईंना मी ओळखत होते. साठी उलटलेली खमकी बाई, दारात एक म्हैस. तिच्या अंगणात मी दोनदा वही घेऊन बसले होते. गुडघे धरत, कुरकुरत ती पुढे गेली.

"आई," महाराज आरशात बघत म्हणाले, "तुझ्या गोठ्यात अंधार दिसतोय गं. म्हैस आटली तुझी. दुधाचा थेंब नाही. घराण्याचा दोष आहे. खरं की नाही?"

चंद्राबाई म्हणाली, "कंची म्हैस?"

"तुझीच. काळी."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"म्हाराज, सकाळच्याला सात लिटर दूध घालून आलेय मी. म्हैस ठणठणीत हाय. मी आलेय गुडघ्यासाठी."

महाराजांचा अंगठा आरशावरून खालीवर फिरला. "आरसा खोटं बोलत नाही, आई."

"आरसा नाय, मीच बोलले व्हते खोटं!" आणि ती गर्रकन वळली, गर्दीत शोधून तिने मला बरोबर हेरलं. "ए पोरी! वहीवाली! म्हैस आटली हे मी फकस्त तुला सांगितलं व्हतं गं!"

आमच्याकडे परक्या माणसाला दूध किती ते खरं कोणी सांगत नाही. नजर लागते म्हणे. त्यातून समोरचा वहीत लिहून घेणारा असला तर विचारूच नका. चंद्राबाईने मला बेधडक थाप मारली होती आणि मी मान डोलावत लिहिलं होतं: 'म्हैस आटली, उत्पन्न बंद.' भिसेगावातल्या कुठल्याही पोराने महाराजांना सांगितलं असतं की ही बाई रोज दूध घालते. पण महाराजांनी गावाला विचारलंच नव्हतं. त्यांनी फक्त माझी वही वाचली होती. म्हणजे एका अंधश्रद्धेने दुसरीला पकडून दिलं. आम्ही शिकलेले तोवर नुसत्या माना डोलावत होतो.

"बगू द्या तरी, कशी दिसते माजी म्हैस," असं म्हणत चंद्राबाईने आरशालाच हात घातला. तिचे गुडघे कुठे गेले होते देव जाणे. दाढीवाली पोरं धावली, अब्रार मधे घुसला, ओढाताणीत लाल मखमल सुटली आणि पितळी चौकटीतून मोठा टॅब बाहेर लोंबला. बंद असला की काळ्या काचेत चेहरा दिसणारच! आत्ता तो चालू होता. गेटवरची पोरं टोकनावरचं नाव यादीत शोधायची. नाव सापडलं की कळवायची. ती ओळ उघडून महाराज वाचायचे. सिद्धी म्हणायची ती एवढीच.

"ही आमची फाइल आहे!" अब्रार ओरडला. "कॉलेजची! दुखणं, काळजी, सगळे रकाने आमचे आहेत!"

मी जवळ गेले. चंद्राबाईची ओळ पिवळी होती. अब्रारने बोटाने वर सरकवलं. सहदेव, पोशीर. पिवळी.

पिवळा रंग एकच माणूस द्यायचा.

मंडपात नुसता गोंधळ. कोणी शिव्या देत होतं, कोणी चपला शोधत होतं, आणि काहीजण तर तेव्हाही हात जोडून "आरशाला शिवला, आता कोप होणार" म्हणत होते. 'हे शत्रूंचं कारस्थान आहे' असं माइकवर सांगून महाराज मागच्या दाराने गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये एकटेच होते. मी दार लोटलं तेव्हाच त्यांना कळलं.

"बस, सुरभी."

"बसायला नाही आले. का दिलीत फाइल?"

"महाराजांचा ट्रस्ट खालापूरला कॉलेज काढतोय." ते टेबलाकडे बघून बोलत होते. "कायमची जागा देतो म्हणाले. नऊ वर्षं तासावर शिकवतोय मी. लोकांची नुसती माहिती हवी म्हणाले, सेवाकार्यासाठी. कोणाच्या गोळ्या बंद करायला मी सांगितलं नव्हतं."

"माझ्या बाबांची ओळ पिवळी का केलीत, सर?"

ते टेबलावरचे कागद नीट लावू लागले. खरंच सांगते, त्यांनी काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं. एखादं खोटं कारणसुद्धा चाललं असतं, मी त्यावरही विश्वास ठेवला असता, इतकी मी त्यांची भक्त होते. बाबांचे महाराज गादीवर बसले होते, माझे फळ्यापुढे उभे होते, एवढाच काय तो फरक.

त्याच्या दुसऱ्या सकाळी बाबा पाळीवरून आले, पाय धुऊन ओट्यावर बसले. टॅबची हकीकत गावभर झालीच होती.

"भोंदू निगाला म्हनं," ते म्हणाले. "असंल. पन लघवीचं त्याला कसं ठावं? ते तर मी कोनालाच..."

थांबले. माझ्याकडे बघितलं.

"मी लिहिलं होतं, बाबा. कॉलेजच्या फॉर्मात. सरांनी ती फाइल त्याला दिली."

"न्हाणीच्या दारात सांगितलं व्हतं मी तुला," ते हळू म्हणाले. "भ्यालो व्हतो म्हनून. तुज्या आईलापन नाय सांगितलं."

"हो."

"आनि तू लिवलंस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते ओल्या पायांकडे बघत बसले. मग म्हणाले, "डबा आन."

मी धावत जाऊन तांदळातला डबा आणला, पाणी आणलं, गोळ्या काढून पुढे केल्या. त्यांनी हात पुढे केला नाही.

"ठेव तितं खाली."

मी ठेवल्या. त्या त्यांनी स्वतः उचलल्या आणि घेतल्या. त्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी थुंकी पुन्हा तपासली, सगळ्यांना फैलावर घेतलं आणि दोन आठवड्यांतच परत आलात म्हणून बरं, असं म्हणाल्या.

सर महिन्याभरात कॉलेज सोडून गेले. फाइल आम्ही प्राचार्यांसमोर पुसून टाकली. मग मी आणि अब्रार एकशे बारा घरी पुन्हा गेलो. तुमच्याबद्दल हे लिहिलं होतं, ते बाहेर गेलं, चूक आमची, असं दारात उभं राहून सांगितलं. काहींनी पाणी दिलं, काहींनी तोंडावर दार लावलं. चंद्राबाईला मी विचारलं, "आता म्हैस दूध किती देते हो?"

"आटली गं," ती म्हणाली, आणि दुधाने भरलेली चरवी उचलून आत गेली.

म्हणून हात जोडून सांगते. कोणी तुमच्या मनातलं ओळखलं तर पाया पडायच्या आधी आठवा: हे मी कोणाला सांगितलं होतं? ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. वाईट वाटतं, मला माहीत आहे. तरी करा. आणि गोळी चालू ठेवायची की बंद करायची, हे डॉक्टरला विचारा.

हे छापायला देण्याआधी मी बाबांना विचारलं. अजून ते गोळी माझ्या हातून घेत नाहीत. पण त्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनी सगळं वाचून घेतलं आणि म्हणाले, "मी लपवलं म्हनून त्याचं फावलं. गावाला ठावं असतं तर कसला चमत्कार? लिव. नाव घालून लिव. या टायमाला मी सांगतो तसं."

मी वही उघडली. त्यांनी सांगितलं ते असं:

सहदेव, पोशीर. क्षयरोग झालाय. गोळ्या चालू आहेत. लघवी लाल होते, ती गोळीमुळे.