अस्वल कशाने गेलं?

डोळेकाकांचं खरं नाव कारखान्यात फक्त हजेरीपटाला माहीत होतं. एकोणीस वर्षं ते खेळण्यांना आणि जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांना हलते डोळे बसवत आले होते. पारदर्शक टोपी, आत सुटी काळी टिकली, की झाला डोळा, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. टिकली केसभर मोठी झाली तर अडकते आणि केसभर लहान झाली तर बेडूक खुळा दिसतो. काकांना माणसंसुद्धा डोळ्यांच्या मापानेच लक्षात राहायची. नवे मालक म्हणजे आठ मिलिमीटर, टिकली कायम खाली बसलेली.

या आठ मिलिमीटरांनी एक दिवस काकांना वर बोलावलं. "काका, यापुढे डोळे छापूनच टाकू या. हलायची गरज काय त्यांना?"

"छापलेले डोळे बघत नाहीत, मालक."

"अहो, पुस्तक मुलांनी बघायचं असतं. पुस्तकाने मुलांना नाही!"

यावर काकांना झकास उत्तर सुचलं, पण जिना उतरल्यावर. तोवर मालकांनी अट घालून टाकली होती. गावोगावच्या दुकानांना पुस्तकं पुरवणाऱ्या खरेदीदार बाई गुरुवारी येणार होत्या. त्यांना काकांचं एक तरी नवं पुस्तक पसंत पडलं, तर काकांचं डोळ्यांचं टेबल राहील. नाही तर टेबल उचललं जाईल आणि काका पट्टी-खोडरबर विभागात जातील. पट्टीला डोळे नसतात. खोडरबराला तर नाकही नसतं.

मग त्यांनी जीव ओतून झोपाळू अस्वलाचं पुस्तक केलं. शेवटच्या पानावर अस्वलाचं पानभर तोंड. पापण्यांच्या मागे छोटे लोखंडी छर्रे. पुस्तक उभं धरलं की पापण्या वर, आडवं ठेवलं की अलगद खाली. चित्रं काकांचीच, मजकूरही काकांचाच, आणि हाताने केलेला नमुना एकच. बुधवारी संध्याकाळी तो घेऊन ते घरी आले आणि ताईच्या हातात दिला.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. तिचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. निवृत्त झाली तरी तिचा हात थांबला नव्हता. औषधाच्या बाटलीवरच्या चुकासुद्धा ती लाल पेनाने दुरुस्त करायची. तिने पुस्तक पहिल्यापासून वाचलं. शेवटचं पान वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"आवडलं?" काकांनी विचारलं.

"कशाने गेलं रे?"

"कोण?"

"अस्वल."

"जाईल कुठे? झोपलंय ते!"

"मग हे काय लिहिलंयस?" ताईने अस्वलाच्या कपाळावर लिहिलेली ओळ मोठ्याने वाचली. "'अखेर अस्वलाने डोळे मिटले. सारं जंगल शांत झालं.' अरे, आजारी होतं का बिचारं? आणि आजूबाजूला हे ससे, हरणं फुलं घेऊन का उभी आहेत?"

"शुभरात्री म्हणायला आलीत."

"आता कसलं शुभ! ते माकड तर मान खाली घालून उभं आहे."

काकांनी चित्र पुन्हा नीट पाहिलं. माकडाची मान पानात बसेना म्हणून त्यांनीच वाकवली होती. डोळ्यांच्या नादात सगळ्या जंगलाला त्यांनी अंत्यदर्शनाला आणून उभं केलं होतं.

"मग काय लिहू?"

"माणसं लिहितात तसं लिही. 'अस्वलाचा डोळा लागला.' झालं."

"डोळा? एकच?"

"लागतो तेव्हा एकच लागतो."

"अगं, पण मी दोन बसवलेत!"

"मग माझ्याशी भांडू नकोस, भाषेशी भांड," ताई म्हणाली आणि चष्मा लावून पेन शोधू लागली.

काकांनी निमूटपणे कागदाची पट्टी कापली, त्यावर सुबक अक्षरात नवी ओळ लिहिली आणि कपाळावर चिकटवली. सुटू नये म्हणून डिंक जरा सढळ हातानेच लावला. फुलांना त्यांनी पिवळे दोरे रेखून त्यांचे फुगे केले. माकडाचं मात्र काही करता आलं नाही.

गुरुवारी खरेदीदार बाई आल्या. बारा मिलिमीटर, टिकली एका जागी ठाम. पानं उलटताना त्या ना हसल्या, ना हूं म्हणाल्या. शेवटचं पान आलं. त्यांनी पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं. डावी पापणी अलगद खाली आली. उजवी जागची हलली नाही. डिंक तिच्या फटीत उतरला होता.

अस्वलाने बाईंना चक्क डोळा मारला.

मालकांचा चेहरा पडला. काकांना डोळ्यांसमोर पट्ट्यांचे गठ्ठे दिसायला लागले. बाईंनी कपाळावरची ओळ वाचली. "'अस्वलाचा डोळा लागला.' बरं. आणि दुसरा?"

थाप मारावी असं काकांना फार वाटलं, पण ऐन वेळी सुचण्याची देणगी त्यांना नव्हतीच. "दुसऱ्यात डिंक गेलाय," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

बाई पुस्तकाकडे बघत राहिल्या आणि एकदम खो खो हसत सुटल्या. "अहो, आमची आई अशीच झोपायची! डोळा लागलाय म्हणून आम्ही पाय न वाजवता दाराशी जावं, तर मागून आवाज यायचा, 'कुठे निघालात?'" त्यांनी डोळे पुसले. "मला असंच हवं. एक मिटलेला, एक आमच्यावर नजर ठेवणारा. पाच हजार प्रती."

मालक क्षणात सावरले. "उत्तम! म्हणजे उजवा हलायला नकोच. तो छापून टाकू. काका, एकाच डोळ्याचं काम राहिलं, आता तुम्हाला अर्धं टेबल पुरेल, नाही का?"

जे उत्तर एरवी जिना उतरल्यावर सुचलं असतं, ते या वेळी वरच सुचलं. "नाही, मालक. पूर्ण लागेल. मिटलेल्या डोळ्याला एक पापणी पुरते. जो जागा आहे, त्याला चारी बाजूंनी बघावं लागतं. तो हललाच पाहिजे."

मालकांनी बाईंकडे पाहिलं. "आमच्या आईचा तर फारच हलायचा," बाई म्हणाल्या.

"बरं," मालक म्हणाले. "पूर्ण टेबल."

काका खाली आले. पट्टी-खोडरबरवाल्यांनी दम धरला नव्हता. काकांच्या टेबलावर पट्ट्यांची सात खोकी आधीच येऊन बसली होती. दोघेतिघे मदतीला उठले. काकांनी हाताच्या खुणेनेच त्यांना बसवलं, बाह्या सारल्या आणि एकेक खोकं स्वतः उचलून जमिनीवर ठेवलं. प्रत्येक खोकं ठेवताना त्यांनी मुद्दाम धाडकन आवाज केला.