चिंध्यांच्या खुणा

"सापडली का हो काकांची वही, ताई?" बेकरीवालीने दारातूनच विचारले.

"नाही," ती म्हणाली. वही तिच्या मागे, शिलाई मशीनच्या खणात होती. गेलेल्या बाबांचे सामान आवरताना सकाळीच सापडली होती आणि दुपारपर्यंत तिने ती दोनदा वाचून काढली होती.

बेकरीवाली आत आली आणि बाबांच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीचा डावा पाय आखूड होता. नवखा माणूस बसला की हटकून दचकायचा. बेकरीवाली दचकली नाही. सवयीने उजवीकडे रेलून बसली. म्हणजे ही इथे यायची. बसायची. आपल्याला ते कुणी सांगितले नव्हते.

"तुम्ही एकट्याच आवरताय सगळं? मला हाक मारायची ना. काकांचं घर मला पाठ आहे."

"आवरलंय बरंचसं," ती म्हणाली. मला पाठ आहे म्हणे. जन्म या घरात माझा झाला की हिचा?

बाबा वायरमन होते. उभी हयात लोकांच्या भिंती टोचण्यात गेली. आई गेल्यावर सहा महिन्यांनी कुणीतरी त्यांना क्लबात ओढले. हिरवी जाकिटे घालून चांगली कामे करणाऱ्या माणसांचा क्लब. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. गावाबाहेर हमरस्त्यावर मोठी दुकाने झाली तशी जुनी बाजारपेठ ओस पडत चालली होती. निम्म्या दुकानांची शटरे खाली. ती पेठ पुन्हा उभी करायचे क्लबाने मनावर घेतले. कुणी भिंती रंगवल्या, कुणी फरशा बसवल्या आणि बाबांनी बावीस दुकानांच्या पाट्यांवर दिवे लावायचे अंगावर घेतले. फुकट. दर रविवारी.

रविवार खरे तर तिचा होता. आई गेल्यापासून ती दर रविवारी डबा घेऊन यायची. टेबलावर स्वतःच्या हाताने हिरव्या काठाचा कपडा अंथरायची, दोघे जेवायचे, फारसे बोलायचे नाहीत. मग एका रविवारी बाबा म्हणाले, "आज जरा पेठेत काम आहे." पुढच्या रविवारीही होते. तिसऱ्या खेपेला तिने बंद कुलपासमोर तासभर वाट पाहिली आणि फोनवर म्हणाली, "मग मी येतच नाही रविवारची." बाबा म्हणाले, "बरं." त्या 'बरं'ला तीन वर्षे झाली होती. मधल्या काळात ती यायची, पण अशीच, आडवारी, पाहुण्यासारखी.

"उद्या संध्याकाळी कार्यक्रम आहे," बेकरीवाली सांगत होती. "पेठेतली सगळी दुकानं उशिरापर्यंत उघडी. उद्याची सगळी कमाई हॉस्पिटलातल्या मुलांच्या वॉर्डाला. काकांचीच कल्पना. आणि दिवेच नाहीत! नवा वायरमन हातच लावायला तयार नाही. म्हणतो, यातल्या चार लाइनी ओल आलेल्या भिंतीतून गेल्यात, हे काका बोलले होते. कुठल्या चार ते वहीत. त्यांत करंट सोडायचा नाही असं ठरलेलं."

"मीटर लावून कळत नाही का?"

"आत्ता कोरडं आहे, सगळं ठीकच दाखवतंय. भिंतीला पाणी लागलं की खरं रूप. पाट्या लोखंडी, खाली माणसांची ही गर्दी. पण डॉक्टर म्हणतात, मीटर बरोबर आहे ना, मग सोडा करंट, एका संध्याकाळचा प्रश्न आहे. त्यांना काय, दात काढला की काम झालं." ती हसली. "काका असते तर डॉक्टरांना वायरींजवळ फिरकू दिलं नसतं. मला म्हणायचे, लेकी, विजेशी आणि उकळत्या तेलाशी लाडात यायचं नाही."

लेकी.

तिला, सख्ख्या मुलीला, बाबा नावानेच हाक मारत. लहानपणीही.

बेकरीवाली गेल्यावर तिने वही पुन्हा उघडली. बाबांचे अक्षर किरटे, शिसपेन्सिलीचे. 'शिंप्याला डोळ्यांचा त्रास, पांढरा दिवा.' 'न्हाव्याच्या आरशात चकाकेल, बाजूने लावणे.' 'बेकरीवालीला पिवळा. पावावर छान दिसतो.' पानेच्या पाने. कुणाच्या दुकानाचा उंबरा खचला आहे, कुणाची सून पोटुशी आहे म्हणून शिडी तिच्या दारात ठेवायची नाही, सगळे टिपलेले. आपल्या बाबांना इतके दिसत होते? तिच्या घरच्या जिन्यातला दिवा दोन वर्षे लुकलुकत होता. तो त्यांना कसा दिसला नाही? ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती. हरवलेले पुस्तक शोधताना फडताळ कसे चाळायचे ते तिला ठाऊक होते. त्याच पद्धतीने तिने स्वतःला शोधले. सापडली नाही. शेवटच्या पानावर दुकानांची यादी होती, प्रत्येकापुढे दोनतीन शब्द, काहींचा अर्थच लागेना. चारांपुढे फुली.

पेठेत अंधार राहिला असता तर तिला चालले असते. खरे तर बरेच वाटले असते. पण डॉक्टर करंट सोडणार होते. बाबांनी ओढलेली तार, आणि तिच्याखाली कुणाचा तरी हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन पेठेत गेली.

"कपाटामागे पडली होती," ती म्हणाली.

बेकरीवालीने वही घेतली. कव्हराला शिलाईचा निळा दोरा चिकटला होता. तिने तो चिमटीत धरून काढला, बोटाला गुंडाळला आणि म्हणाली, "असंच होतं, कपाटामागे काय काय जातं." तिच्याकडे बघितले मात्र नाही.

जुन्या बँकेच्या जिन्याखाली लोखंडी पेटी होती. नव्या वायरमनने दार उघडले. आत बावीस तारा, वेणी सोडल्यासारख्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात एकेक कापडाची चिंधी बांधलेली.

"बघा, हे असं," वायरमन म्हणाला. "आमच्यात आकडे लावतात, स्टिकर लावतात. उस्तादांचं सगळंच निराळं. म्हणायचे, आकडा पुसला जातो, स्टिकर गळून पडतो, गाठ टिकते." त्याने वहीचे शेवटचे पान उघडले. "बेकरी, 'पहिली शाळा'. आता यातली पहिली शाळा कुठली, सांगा मला. घड्याळजी, 'सहल'. हे काय कोडं घातलंय?"

ती खाली वाकली. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची एक चिंधी होती. तिने ती बोटांत धरली. कडेला आईच्या हाताची उलटी टीप.

"ही," ती म्हणाली. "पहिली शाळा ही."

"कशावरून?"

"माझा फ्रॉक आहे तो."

आईचे जुन्या कपड्यांचे गाठोडे बाबांनी सोडले होते तर. सगळा संसार टराटरा फाडून पेठेला बांधला होता. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा फ्रॉक, तोही बेकरीला. बेकरीलाच! खुपले ते. बेकरीवाली मागे उभी होती, तिच्या अंगाला येणारा ताज्या पावाचा वासही त्या घडीला तिला नकोसा झाला.

"'सहल'?" वायरमनने विचारले.

"केशरी. पिशवी होती ती, पाण्याच्या बाटलीची."

"थांबा, थांबा." त्याचा आवाज बदलला. "ताई, फुल्यांचं सांगा आधी. त्या चार ओल्या लाइनी. पहिली, 'मोठा ताप'."

ती नऊ वर्षांची होती. तेरा दिवस ताप. पिवळी उशी, तिच्यावर बदके. "ही."

"'दुकान मोडलं'."

बाबांनी एकदा स्वतःचे दुकान काढले होते, वर्षात बंद पडले. काउंटरवरचा तपकिरी पडदा. तिने दाखवला.

"'शेवटचा गाऊन'."

तो तिला शोधावा लागला नाही. हॉस्पिटलात आईच्या अंगावर होता तो, फिकट जांभळा. तिने नुसते बोट केले. वाईट लाइनींना बाबांनी वाईट दिवस बांधले होते. म्हणजे चुकूनही हात जाऊ नये.

"आता चौथी. 'रविवार'." वायरमनने मान वर केली. "रविवार काय वाईट असतो होय? सुट्टीचा वार."

तिने पेटीत पाहिले. पांढऱ्या कापडाची चिंधी, एका कडेला हिरवा काठ. टेबलावरचा कपडा. तीन वर्षांपूर्वी ती तो बाबांच्या घरी विसरून गेली होती आणि मागायचे नाही म्हणून मागितला नव्हता.

"काकांनी रविवारी कधी जेवण केलं नाही आमच्याकडे," बेकरीवाली मागून हळूच म्हणाली. "किती म्हणायचे मी, दोन घास खा. म्हणायचे, रविवारचं जेवण आमच्याकडे होत नाही आता. मला वाटलं, उपास असेल."

"मग यायचं ना घरी!" ती एकदम म्हणाली, कुणाला तेही न कळता. "मी आले असते. एक फोन करायचा."

बेकरीवाली पेटीच्या दारावरची धूळ हाताने पुसू लागली. तेही बरेच झाले.

"ताई," वायरमनने विचारले, "नक्की ना? ही चौथी? माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"नक्की."

त्याने चारही तारा कापल्या, टोकांना काळी टेप गुंडाळली आणि त्यांच्या चिंध्या सोडून तिच्या हातात दिल्या. "या आता लागायच्या नाहीत. बाकीच्यांच्या तशाच ठेवू?"

बेकरीवालीने फ्रॉकच्या चिंधीकडे पाहिले. "ती तुम्ही न्या ताई, हवी तर. मी स्टिकर लावीन."

द्यायला निघाली आहे, जशी काही तिचीच. घ्यायला तिचा हात पुढे झाला होता. मग तिने तो मागे घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "गाठ टिकते."

संध्याकाळी अठरा दिवे लागले. चार पाट्या अंधारात राहिल्या. शिंप्याने आपल्या दारात कंदील टांगला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला की आमच्याकडे खास व्यवस्था आहे. पेठ माणसांनी भरून वाहत होती. डॉक्टर ध्वनिक्षेपकावर बाबांविषयी काहीतरी चांगले बोलत होते. बेकरीचा दिवा पिवळा होता आणि पावावर तो खरोखरच छान दिसत होता.

ती समोरच्या नव्या बाकावर बसली. तीन चिंध्या तिने पर्समध्ये टाकल्या. चौथी मांडीवर घेतली. बोटाएवढ्या चिंधीला घडी ती काय पडणार. तरी तिने ती घातली, जेवण झाल्यावर घालायची तशी, आधी वरचा चुरा तळहाताने झटकून, मग काठाला काठ जुळवून.