मागचा दरवाजा

अब्बा गेल्यानंतर पुढच्याच महिन्यात अदीब पुन्हा दोह्याहून रोडपालीच्या घरी आला, तो अम्मीसाठी एक कडी घेऊन. जाड, पोलादी, आतून लावायची. दाराला अब्बांनी बसवलेल्या दोन कड्या आधीच होत्या.

“अम्मी आता एकटी राहणार, आपा. दुपारी सुतार येतोय,” तो यूम्नाला म्हणाला.

यूम्ना अब्बांच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. दर जुम्म्याला नमाजनंतर अब्बा इथूनच अदीबशी लढाईचा खेळ खेळत. गाव वसवायचं, सैन्य उभारायचं, समोरच्याचं गाव पाडायचं. अदीब सगळं सैन्य घेऊन तुटून पडे. अब्बा तट बांधून त्याला दमवत.

“एक डाव होऊन जाऊ दे,” ती म्हणाली.

“तू? तुला लढायचं सोडून शेतीच सुचते.” पण त्याने लॅपटॉप उघडला.

तिने गावाभोवती सलग तट बांधला. त्यामागे दुसरा. अदीबने तोफा आणून लांबूनच आग लावली. तिची माणसं आतल्या आत सैरावैरा पळू लागली.

“आपा, बाहेर काढ ना त्यांना. दरवाजा कुठाय?”

“ठेवलाच नाही.”

“असं कुणी करतं? अब्बा मागे एक दरवाजा ठेवायचेच. गाव पडलं तर माणसं घेऊन निघायचं, दुसरीकडे वसायचं. पहिल्यांदा त्यांनी तेच शिकवलं.”

“मलाही.” तिने माऊस बाजूला सारला. “म्हणजे त्यांना कळत होतं. पडद्यावरच्या मजुरांसाठी वाट ठेवायचे. आणि अम्मी उरणला गेली की स्वतः दोन्ही कड्या लावून झोपायचे. किती वेळा सांगितलं, माझ्याकडे किल्ली आहे, कड्या लावू नका. हसायचे.”

अदीबने लॅपटॉप मिटला.

“छातीत दुखतंय म्हणून फोन आला, तेव्हा मी धावत आले. किल्ली फिरली, अदीब. दार हललं नाही. आतून माझं नाव घेत होते. मागच्या खिडकीचे गज कापून आत शिरेपर्यंत तेही थांबलं.”

“मला तू फक्त उशीर झाला म्हणालीस.”

“मातीला आलेला प्रत्येक जण त्यांच्या सावधपणाचं कौतुक करत होता. तूही.”

स्वयंपाकघराच्या दारात अम्मी उभी होती. “एक तरी राहू दे गं,” ती हळूच म्हणाली. “मला भीती वाटते.”

“बाहेरून उघडेल असं दुसरं कुलूप बसवू. किल्ली तुझ्याकडे, माझ्याकडे आणि शेजारी सुनीताताईंकडे. कडी नाही.”

सुताराची वाट न बघता तिने खणातून पेचकस काढला आणि वरच्या कडीला लावला. स्क्रू जागचा हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, तळवा सोलवटला. अदीब उठला, त्याने दार घट्ट धरलं.

अब्बांनी ते स्क्रू फार मन लावून पिळले होते.