शंभरावा अंगठा

ग्रामसभा हा लोकशाहीचा आत्मा आहे, असं मला एका प्रशिक्षणात तीन दिवस शिकवलं होतं. आत्मा असल्यामुळेच बहुधा तो आमच्या गावात कोणाला कधी दिसला नव्हता. दिसायचं ते हजेरीचं रजिस्टर. सभेच्या आदल्या दिवशी शिपाई गजेंद्र ते काखेत मारून घरोघर फिरायचा. लोक चहा पिता पिता सही करायचे, कोणी अंगठा उठवायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी, सरपंच भगवंतराव आणि पंखा अशी सभा भरायची. मी इथे बावीस वर्षं ग्रामसेवक आहे. गाव मला सचिवसाहेब म्हणतं. या बावीस वर्षांत कागदावर आम्ही कधी एकशे तीसच्या खाली आलो नाही.

हे सगळं नीट चाललं होतं. मग प्रणाली अकोल्याला शिबिराला गेली.

प्रणाली आमच्याच गावची, एकोणीस वर्षांची. बीएस्सीसाठी रोज एसटीने अकोल्याला ये-जा करते. गेल्या मे महिन्यात तिची आई भागीरथा भगवंतरावांच्या वावरात कांदे काढताना दुपारी दोनला बसली आणि उठली नाही. मृत्यूच्या नोंदीत मी ‘छातीत दुखून’ असं लिहिलं. छातीत दुखल्याचं तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही.

शिबिराचा विषय होता ‘तरुणाई आणि हवामान न्याय’. प्रत्येकाला एक टोपी, एक कापडी पिशवी आणि प्लास्टिकच्या कुंडीत एक रोप मिळालं. शेवटच्या दिवशी कागदी पृथ्वीवर आपली मागणी लिहायची होती. बाकीच्यांनी ‘पृथ्वी वाचवा’ लिहिलं. प्रणालीने लिहिलं, ‘अकरा ते चार कांदे काढणं बंद.’ मागणी फार स्थानिक झाली, असं शिबिरवाल्या सरांचं मत पडलं. पण बोलता बोलता ते एक गोष्ट सांगून गेले: जिल्ह्याचा उन्हाळ्याचा आराखडा तयार होतोय, आणि पंचवीस एप्रिलपर्यंत ज्या गावांचे ग्रामसभेचे ठराव येतील त्यांची त्यात नोंद होईल.

दुसऱ्या दिवशी ती ठराव घेऊन माझ्यासमोर उभी. सोबत तिच्याच वयाचा कुलदीप, कारण त्याच्याकडे मोटरसायकल होती.

ठराव अर्ध्या पानाचा होता. एप्रिल ते जून मजुरीचं काम सकाळी सहाला सुरू करावं, अकराला थांबवावं, मजुरी पूर्ण द्यावी. कामावर सावली आणि पाणी असावं. आणि उन्हात माणूस गेलं तर नोंदीत ऊन लिहावं, मागच्या नोंदींतही.

शेवटची ओळ वाचताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.

भगवंतरावांचा कांदा बारा एकर. ते रागावले नाहीत. सरपंच माणूस रागवत नाही, वेळ ठरवतो. “घे न सभा, पोरी,” ते म्हणाले. “अकरा तारीख, दुपारी एक वाजता. अन् गजेंद्र, या वेळी रजिस्टर घरोघर नाई फिरवायचं. हे शिकलेले पोट्टे हायेत, मोबाइलवर फोटो काढतीन. नियमानं होऊ दे.”

गावात नियम पहिल्यांदाच आला होता. मतदार अकराशे चाळीस, पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी ते, म्हणजे कोरम शंभर माणसांचा. अकरा तारखेला बारा माणसं आली. त्यातला एक सावलीसाठी आला होता. अर्धा तास वाट पाहून भगवंतरावांनी सभा तहकूब केली. माझ्या नोकरीतली ती पहिली तहकूब सभा. पुढची तारीख वीस, वेळ तीच.

“शंभर म्हंजे शंभर,” भगवंतराव जाता जाता म्हणाले. “नव्व्याण्णव आले तरी मी उठून जाईन, बाप्पा. कायदा हाय.”

मी मान हलवली. कायदा होता.

नऊ दिवस प्रणाली आणि कुलदीप वावरा-वावरातून फिरले. बाया म्हणायच्या, “आमचा रोज बुडते न वं, बाई.” प्रणाली सोबत एक साधं भिंतीवरचं थर्मामीटर न्यायची, ढेकळावर ठेवायची आणि काही न बोलता बाजूला उभी राहायची. पारा चढताना बाया पाहत. एकीने विचारलं, “हे असं होय का? मले वाटे, मीच म्हातारी झाली.”

वीस तारखेला दुपारी एकला मी समाजमंदिरात रजिस्टर उघडलं. वर टिनाचं छप्पर होतं. प्रणालीने थर्मामीटर खिडकीला टांगलं होतं, ते सत्तेचाळीस दाखवत होतं. बाहेर रस्ता इतका पांढरा पडला होता की पाहवत नव्हतं. उन्हाळ्यात गावात दुपारी एक आवाज असतो, कुठेतरी टिन ताणलं जाऊन ठक्‌ करतं, तेवढाच. त्या दिवशी तोही नव्हता.

पण माणसं आली. पावणेदोनपर्यंत नव्वद, मग म्हातारी माणिकबाई आणि तिचा नवरा, मग कुलदीपचा बाप, ज्याला कुलदीपने मोटरसायकलवर अक्षरशः उचलून आणलं. त्र्याण्णव. पुढे कोणी नाही.

भगवंतरावांनी घड्याळ टेबलावर काढून ठेवलं. “दोन वाजेलोक थांबतो. अन्याय नाई झाला पाहिजे.”

प्रणाली दारात उभी राहून पातूरच्या रस्त्याकडे पाहत होती. तिने ठरावाचा कागद इतका घट्ट धरला होता की त्याच्या कडा ओल्या झाल्या होत्या. आज नाही झालं तर पंचवीस तारीख जाणार, आणि तिची आई माझ्या रजिस्टरात कायमची छातीत दुखून मेलेली राहणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दोनला सात मिनिटं कमी असताना सात बाया आल्या.

रस्त्याने एका रांगेत आल्या. कामावरच्या बाया असतात तशाच: लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला घट्ट दुपट्टा, फक्त डोळ्यांपुरती फट. पाण्याच्या टाकीखाली झोपलेलं कुत्रं उठलं, भुंकलं नाही, वाट सोडून पलीकडे गेलं. त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. त्या वेळी सावल्या आखूडच असतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आत आल्या तसा कांद्याच्या पातीचा वास आला. पहिली टेबलापाशी उभी राहिली.

“नाव?” मी विचारलं.

“भाग दोन. चारशे सहा.”

मतदार यादीतला क्रमांक सांगत होती. बावीस वर्षांत मला एवढं शिस्तीचं उत्तर कोणी दिलं नव्हतं. मी क्रमांक लिहिला, शाईचं पॅड पुढे केलं. तिने अंगठा उठवला. दुसरी आली. भाग एक, बावन्न. तिसरी, चौथी. आवाज सगळ्यांचे सारखेच होते, घसा कोरडा पडल्यावर होतो तसे.

प्रणाली माठातलं पाणी देत होती. सातवीपुढे तिने ग्लास धरला आणि तिचा हात तसाच राहिला. ती बाई शर्टाची बाही सरकवून अंगठा पुढे करत होती. बाहीला कोपराशी शाळेच्या गणवेशाच्या निळ्या कापडाचं ठिगळ होतं.

“भाग दोन, तीनशे अठरा,” ती म्हणाली.

शंभर.

भगवंतरावांनी स्वतः उठून डोकी मोजली. मग उलटीकडून मोजली. मग बसले. प्रणालीने ठराव वाचला. सुरुवातीला तिचा आवाज नीट लागेना, शेवटच्या ओळीला लागला. हात वर झाले. त्या सात बायांचे हात सगळ्यांच्या आधी वर गेले आणि सगळ्यांच्या नंतर खाली आले.

“मंजूर,” भगवंतराव म्हणाले, आणि घाम पुसून विचारलं, “ह्या कोनाच्या वावरातल्या बाया हायेत?”

मी इतिवृत्त लिहून मान वर केली तेव्हा त्यांची सतरंजी रिकामी होती. सात ग्लास ओळीने ठेवलेले, काठोकाठ भरलेले. मी एक उचलायला गेलो आणि सोडून दिला. चहाच्या ग्लासासारखा पोळत होता.

संध्याकाळी क्रमांकांपुढे नावं लिहायला मी मतदार यादी काढली. भाग एक, बावन्न. भाग दोन, चारशे सहा. सातही नावं यादीत होती, कारण वगळायचे अर्ज मी भरून कपाटात ठेवले होते आणि ते कपाटातच होते. मग मी मृत्यूची नोंदवही काढली. तिथेही सातही होत्या. सहा उन्हाळे, सगळ्या एप्रिल नाहीतर मे, सगळ्या दुपारच्या. कारणं माझ्याच अक्षरात: चक्कर येऊन, अशक्तपणा, छातीत दुखून. एका अडतीस वर्षांच्या बाईपुढे मी ‘वृद्धापकाळ’ लिहिलं होतं. भाग दोन, तीनशे अठरा ही भागीरथा होती.

मी अंगठे पुन्हा पाहिले. पॅड दुपारीच वाळून गेलं होतं. माणिकबाईचा अंगठा जेमतेम दिसत होता. हे सात मात्र गडद तपकिरी होते, तव्यावर राहून गेलेल्या पोळीच्या डागासारखे. पान उलटलं तर मागूनही दिसत होते.

सकाळी प्रणाली आली. मी तिला दोन्ही वह्या दाखवल्या.

“मले माहीत हाय,” ती म्हणाली. “बाहीचं ठिगळ मीच लावलं होतं. माह्या सातवीच्या ड्रेसचं.”

“मग तिथंच बोलली काहून नाई?”

“सभा चालू होती न, साहेब.”

मी तिला अडचण समजावून सांगितली. मेलेल्या माणसांचे अंगठे असलेलं रजिस्टर सरकारदरबारी नेलं तर गुन्हा माझ्यावर आणि ठराव रद्द. सात नावं खोडली तर उरतात त्र्याण्णव. कोरम नाही, ठराव नाही. पुढची तारीख घ्यायला वेळ नाही.

“तुमी त्याइले नोंदीत चुकीचं मारलं,” ती शांतपणे म्हणाली. “आता रजिस्टरातून पन खोडता का?”

मी खोडलं नाही. शौर्य म्हणून नाही. पेन घेऊन बसलो होतो, पण त्या पानावर हात ठेवला की चटका बसायचा.

पंचवीस तारखेला आम्ही दोघं बार्शीटाकळीला गेलो. एसटीत मी रजिस्टर पिशवीत घालून मांडीवर घेतलं होतं; पातूर रस्त्याच्या फाट्यावर ते सीटवर ठेवावं लागलं. पंचायत समितीत विस्तार अधिकारी साहेबांनी चष्मा लावला, पानं उलटली. सात अंगठ्यांपाशी थांबले. एकावर बोट ठेवलं, चटकन काढलं आणि बोटाकडे पाहत राहिले.

“ही नावं?”

नोकरीची आठ वर्षं उरली होती. मी म्हणालो, “साहेब, या सात जणी... हयात नाहीत.”

“माही माय हाय त्यात,” प्रणाली म्हणाली. “शेवटचा अंगठा.”

साहेबांनी चष्मा काढला. पंखा फिरत होता. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बोटाकडे, मग मागची पानं उलटून अकरा तारखेचं इतिवृत्त वाचलं.

“अकराची सभा कोरमअभावी तहकूब केलीत?”

“हो.”

“मग वीसची ही त्याच तहकूब सभेची पुढची बैठक झाली. विषय तोच?”

“तोच.”

त्यांनी ठरावावर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि कागद आराखड्याच्या फायलीत लावला. मग पेनाने रजिस्टर पिशवीत ढकललं आणि पिशवी बंदाला धरून माझ्याकडे सरकवली.

“किती वर्षं झाली तुम्हाला नोकरीत?”

“बावीस.”

“तहकूब सभेला कोरम लागत नाही.”